वाकूनही न अडखळणारा सांधा

माझ्या टेबलावर पेपरवेट म्हणून एक लोखंडी तुकडा पडलेला असतो. वीतभर लांबीचा. एका टोकाला बारीक, सरळ दाते; दुसरं टोक पिळवटून तुटलेलं. मारुती ८०० च्या ड्राइव्ह शाफ्टचा हा उरलेला अर्धा भाग आहे आणि तो तुटला याला मी, माझा एक मित्र आणि आमचे मिस्त्री अण्णा असे तिघे जबाबदार आहोत.

झालं असं, की गावी चिंचेखाली सहा वर्षं उभ्या असलेल्या वडिलांच्या ८०० मध्ये मोठं इंजिन बसवायचं आम्ही ठरवलं. डिग्री मेकॅनिकलची आणि नोकरी सॉफ्टवेअरची, ही आमच्या पिढीची पुण्यातली सर्वसाधारण अवस्था. शनिवार-रविवारी कशाला तरी हात काळे करावेसे वाटतात. भंगारातून एस्टीमचं १२९८ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन त्याच्या गिअरबॉक्ससकट मिळालं. गाडी रस्त्यावर आणायची नाही, शेतातच फिरवायची, असं पहिल्या दिवशी ठरलं. (इंजिन बदललेली गाडी आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद यांच्याशिवाय रस्त्यावर आणता येत नाही.) इंजिनाची माउंटिंग बसवण्यात तीन शनिवार-रविवार गेले. मग प्रश्न उरला तो गिअरबॉक्समधून चाकापर्यंत जाणाऱ्या दोन दांड्यांचा. गिअरबॉक्सच्या बाजूला एस्टीमचं टोक लागणार, चाकाच्या बाजूला ८०० चं. दोन्हींचे दाते वेगळे, लांबी वेगळी.

"कापू आणि जोडू," अण्णा म्हणाले. "जीपचे किती केलेत, मोजले नाहीत."

दोन्ही शाफ्ट कापले, लेथवर जाड नळी करून घेतली, दोन्ही तुकडे तिच्यात घालून वेल्डिंग मारलं. पहिल्याच दिवशी, ओल्या बांधावर चढताना, पहिल्या गिअरमध्ये डावा शाफ्ट तुटला. कोणाला काही झालं नाही. अण्णा खाली वाकून बराच वेळ बघत राहिले. "नळी शाबूत आहे," एवढंच म्हणाले. तुटला होता तो वेल्डिंगच्या बाजूचा दांडा.

अण्णांचं काम कच्चं नव्हतं. चाळीस वर्षं त्यांनी याच पद्धतीने गाड्या चालवून दाखवल्या आहेत. मग इथे काय बिनसलं, याचा शोध घेताना मी ज्या इतिहासात शिरलो तो साडेतीनशे वर्षांचा निघाला. त्याची सुरुवात गाडीतून होतच नाही, सूर्यघड्याळातून होते.

एकमेकांशी कोनात असलेले दोन दांडे एकत्र फिरवायचे कसे, हा मूळ प्रश्न. सोळाव्या शतकातल्या जेरोलामो कार्दानो या इटालियन वैद्य-गणितज्ञाचं नाव या सांध्याला युरोपात आजही चिकटलेलं आहे. पण कार्दानोने वर्णन केलं ते एकात एक अडकवलेल्या कड्यांचं, ज्यांत टांगलेली वस्तू सरळच राहते. तीही कल्पना त्याच्या आधीची. दांडा फिरवण्यासाठी त्या रचनेचा नीट अभ्यास करणारा माणूस म्हणजे लंडनचा रॉबर्ट हूक. स्प्रिंगचा नियम आपण शाळेत ज्याच्या नावाने शिकतो, तोच. १६७० च्या दशकात त्याने या सांध्यावर लिहिलं आणि त्याला 'युनिव्हर्सल' हे विशेषणही त्यानेच लावलं. दोन काटे आणि मध्ये अधिक चिन्हासारखा एक तुकडा, एवढीच त्याची रचना. आपल्याकडे गॅरेजमध्ये त्याला नुसतं 'क्रॉस' म्हणतात.

क्रॉसची खोड हूकला माहीत होती. एक दांडा एकसारख्या वेगाने फिरवला, तरी कोनातला दुसरा दांडा एकसारखा फिरत नाही. प्रत्येक फेऱ्यात तो दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. ३० अंशांचा कोन असेल आणि पहिला दांडा मिनिटाला १००० फेऱ्यांनी फिरत असेल, तर दुसऱ्याचा वेग ८६६ आणि ११५५ यांच्या दरम्यान हेलकावे खातो. ४० अंशांना हेच आकडे ७६६ आणि १३०५ होतात.

आमच्या धंद्यात एक जुना विनोद आहे: हा बग नाही, फीचर आहे. हूकने तो अक्षरशः खरा केला. सूर्य आकाशात एकसारख्या गतीने सरकतो, पण आडव्या सूर्यघड्याळावर त्याची सावली कमी-जास्त वेगाने सरकते. म्हणून त्या घड्याळावरच्या तासांच्या रेघा समान अंतरावर नसतात. या सावलीचं गणित आणि क्रॉसच्या हेलकाव्याचं गणित एकच आहे. सांध्याचा कोन ९० वजा त्या गावाचा अक्षांश एवढा ठेवला, की एक दांडा एकसारखा फिरवा, दुसरा आपोआप सावलीच्या चालीने चालतो. लंडनसाठी हा कोन साधारण साडेअडतीस अंश येतो आणि क्रॉसला तो झेपतो. पुण्यासाठी तो एकाहत्तरच्या वर जातो, म्हणजे साध्या क्रॉसच्या आवाक्याबाहेर. हूक पुण्यात जन्मला असता तर त्याला ही युक्ती वापरता आली नसती, असा एक निरुपयोगी निष्कर्ष मी काढून ठेवला आहे.

खोड मोडायचा उपायही हूकनेच १६८३ मध्ये सुचवला. एकाऐवजी दोन क्रॉस घ्या, मध्ये एक दांडा ठेवा. पहिला क्रॉस जितका हेलकावा देईल, तितकाच दुसरा उलट्या बाजूने काढून घेईल. अट अशी, की दोन्ही ठिकाणचे कोन समान हवेत आणि मधल्या दांड्याच्या दोन्ही टोकांचे काटे एका पातळीत हवेत.

ट्रकच्या किंवा जुन्या जीपच्या खाली वाकून पाहिलंत, तर गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलकडे जाणारी लांब नळी दिसेल. तोच प्रोपेलर शाफ्ट. दोन्ही टोकांना क्रॉस, दोन्हीकडचे काटे एका ओळीत. अण्णा नळी कापून जोडताना आधी दोन्ही काट्यांवर खडूने रेघ मारतात आणि एक डोळा मिटून ती जुळली का बघतात. "रेघ चुकली तर गाडी थरथरते," असं ते पोरांना सांगतात. हूकचं नाव त्यांनी ऐकलेलं नाही, पण त्याची अट त्यांनी कधी मोडलेली नाही.

भारतातल्या इंजिन-बदलाचा सगळा सुवर्णकाळ या नळीवर उभा आहे. पेट्रोल महाग, डिझेल स्वस्त. अँबॅसडर, जीप, पद्मिनी यांची पेट्रोल इंजिनं काढून डिझेल इंजिन बसवून देणारी गॅरेजं गावोगावी होती. हा उद्योग फक्त गल्लीतला होता असंही नाही. महिंद्रांनी खुद्द जीपमध्ये ट्रॅक्टरच्या घराण्यातलं डिझेल इंजिन घातलं होतं. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून १९८५ मध्ये निघालेल्या ११८ एनईचा सांगाडा फियाट १२४ चा होता आणि इंजिन निस्सानचं. म्हणजे कंपनीनेच केलेला इटली-जपान आंतरदेशीय विवाह. १९९० च्या दशकात अँबॅसडरलाही इसुझूचं इंजिन मिळालं. या सगळ्या गाड्यांचं इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांवर. नवीन इंजिनाचा गिअरबॉक्स चार इंच लांब निघाला, तर नळी चार इंचांनी कापायची. नळी साधी, पोलादाची, वेल्डिंगला राजी. दोन कंपन्यांमधली तडजोड त्या नळीवर व्हायची आणि ती करणारा माणूस गल्लीत उपलब्ध होता.

पुढची चाकं फिरवणं ही निराळीच गोष्ट. मागचा एक्सल फक्त वर-खाली होतो, त्यामुळे क्रॉसला चार-सहा अंशांच्या कोनात काम भागवता येतं. पुढचं चाक वळतंही. पूर्ण वळणावर कोन तीस-चाळीस अंशांपर्यंत जातो, आणि तिथे क्रॉसचे हेलकावे थेट ड्रायव्हरच्या हातात येतात: स्टिअरिंग धडधडतं, टायर झिजतात. हूकचा दोन क्रॉसचा उपाय इथे सहजी चालत नाही, कारण चाक वळलं की एकाच बाजूचा कोन बदलतो आणि 'दोन्ही कोन समान' ही अट मोडते. अमेरिकेच्या वॉल्टर क्रिस्टीने विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात पुढच्या चाकांवर चालणाऱ्या शर्यतीच्या गाड्या बनवल्या होत्या, पण तो मार्ग कोणी फारसा धरला नाही. पुढच्या चाकांना जोर देण्याचे फायदे सगळ्यांना कळत होते. गाडीच्या पोटातून जाणारी नळी नको, मग फरशी खाली, आत जागा जास्त. सांधा मात्र कोणाकडे नव्हता.

असा सांधा कसा हवा, हे सांगायला सोपं आहे. दोन दांडे 'व्ही' आकारात भेटत आहेत असं समजा. त्यांच्यामधला कोन बरोबर निम्मा करणारी एक काल्पनिक भिंत उभी करा. एका दांड्याकडून दुसऱ्याकडे जोर जिथे पोचतो ते बिंदू कायम या भिंतीवर राहिले, तर त्यांचं दोन्ही अक्षांपासूनचं अंतर नेहमी सारखं राहतं. अंतर सारखं म्हणजे वेग सारखा. म्हणून त्याला स्थिर वेगाचा, कॉन्स्टंट व्हेलॉसिटी सांधा म्हणायचं. 'सीव्ही' ही त्याचीच आद्याक्षरं. अवघड आहे ते चाक वळताना, उसळताना, चिखलात आणि खड्ड्यात ते बिंदू सतत त्या हलत्या भिंतीवर ठेवणं.

१९२६ च्या सुमारास दोन देशांत दोन उत्तरं निघाली. फ्रान्समध्ये व्हर्सायला गॅरेज चालवणारा इंजिनिअर जाँ-आल्बेर ग्रेग्वार आणि त्याचा श्रीमंत मित्र पिएर फेनाय यांनी 'त्राक्ता' सांधा काढला. एकमेकांत सरकणारे घडीव तुकडे, बॉल नाही, बेअरिंग नाही. तो घालून त्यांनी स्वतःच छोटी गाडी बनवली आणि १९२७ मध्ये ले मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत उतरवून शर्यत पूर्ण केली. मला ही जोडी फार आवडते. दोन मित्र, एक गॅरेज आणि 'बघू चालतं का' ही वृत्ती. फक्त त्यांचा सांधा तुटला नाही.

दुसरं उत्तर डेट्रॉइटचं. फोर्डमध्ये काम करणाऱ्या आल्फ्रेड झेप्पा या इंजिनिअरने गोल वाटीत गोल गाभा ठेवला, दोघांवर खाचा पाडल्या आणि त्या खाचांत सहा पोलादी गोळ्या बसवल्या. गोळ्यांना एका जागी धरणारा एक पिंजरा. जोर गोळ्यांतून जातो आणि पिंजरा गोळ्यांना कोन निम्मा करणाऱ्या भिंतीवर ठेवतो. पिंजऱ्याला योग्य जागी ढकलायला सुरुवातीच्या रचनेत एक छोटी तरफ होती. पुढे वाटीच्या आणि गाभ्याच्या खाचांची केंद्रं जराशी विरुद्ध दिशांना सरकवली, तर गोळ्या आपोआपच योग्य जागी जातात असं लक्षात आलं आणि ती तरफ गेली. आज तुमच्या गाडीच्या पुढच्या चाकाशी असलेला सांधा बहुतेक याच घराण्यातला आहे.

पण तो लगेच वापरात आला नाही. खाचा अतिशय अचूक घासाव्या लागतात, पोलाद कडक लागतं, किंमत वाढते. सिट्रोएनने १९३४ मध्ये 'त्राक्सियाँ अवाँ' ही पुढच्या चाकांवर चालणारी गाडी मोठ्या प्रमाणावर काढली, तेव्हा सुरुवातीच्या गाड्यांना सांध्यांनीच छळलं. त्याच वर्षी कंपनी कर्जात बुडून मिशलँच्या ताब्यात गेली. कारणं अनेक होती.

मग युद्ध आलं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने सहा लाखांवर जीप बनवल्या. चारही चाकांना जोर म्हणजे पुढच्या चाकांनाही सांधा हवाच. एवढे सांधे एका कारखान्याला पुरवता येईनात, म्हणून एकाच जीपच्या पुढच्या एक्सलमध्ये चार वेगवेगळ्या प्रकारचे सांधे बसवले गेले: बेंडिक्स, झेप्पा, स्पायसर आणि त्राक्ता. बाहेरून गाडी तीच. सैन्याच्या दुरुस्तीच्या पुस्तकात चौघांची वेगवेगळी वर्णनं द्यावी लागली. 'सेम गाडीचा आहे, बसेल' या भंगारवाल्याच्या वाक्यावर विश्वास ठेवू नये, हे तेव्हापासून सिद्ध आहे.

कुटुंबाच्या गाडीत हा सांधा आला तो १९५९ मध्ये, ब्रिटनमध्ये. सुवेझच्या संकटाने पेट्रोल रेशनवर गेलं होतं आणि बीएमसी कंपनीच्या लिओनार्ड लॉर्डला खरोखरची छोटी गाडी हवी होती. अ‍ॅलेक इसिगोनिसने १० फूट लांबीच्या गाडीत चार माणसं बसवली. त्यासाठी इंजिन आडवं केलं, गिअरबॉक्स इंजिनाच्या खाली तेलाच्या टाकीत घातला, चाकं १० इंचांची केली. मिनीच्या प्रत्येक वर्णनात आडव्या इंजिनाचं कौतुक असतं. पण आडवं इंजिन कागदावर कोणीही काढू शकतं. त्याला चाकांशी जोडणारे झेप्पा पद्धतीचे सांधे बर्फील्ड समूहाच्या हार्डी स्पायसर कंपनीने मोठ्या संख्येने आणि परवडणाऱ्या भावात बनवून दिले नसते, तर मिनी कागदावरच राहिली असती. बाहेरच्या टोकाला हा सांधा आणि आतल्या, गिअरबॉक्सच्या टोकाला सुरुवातीला चक्क रबराचं कपलिंग. कारण आतल्या टोकाला चाक वळण्याचा कोन सोसावा लागत नाही, फक्त उसळण्याचा.

या आतल्या टोकाचं काम वेगळंच असतं आणि पुढे आमच्या गोष्टीत त्याला महत्त्व आहे. चाक वर-खाली होताना गिअरबॉक्स आणि चाक यांच्यातलं अंतर थोडं कमी-जास्त होतं. म्हणून एका टोकाला सांध्याला आत-बाहेर सरकता यायला हवं. १९६० च्या दशकात यावर चांगले उपाय आले. फ्रान्सच्या ग्लेंझर स्पायसरने तीन पायांवर तीन रोलर असलेला 'ट्रायपॉड' सांधा काढला. जपानच्या एनटीएनने सरकणारा बॉलचा सांधा तयार केला आणि तो १९६६ च्या सुबारू १००० मध्ये बसला.

आता मांडणी. इसिगोनिसची गिअरबॉक्स पोटात घालण्याची पद्धत जगाने घेतली नाही. जगाने घेतली ती दान्ते ज्याकोझाची. फियाटच्या या मुख्य अभियंत्याने १९६४ च्या ऑटोबियांकी प्रिम्युला या गाडीत इंजिन आडवं ठेवून गिअरबॉक्स त्याच्या शेजारी, टोकाला टोक लावून बसवला, आणि १९६९ च्या फियाट १२८ मध्ये हीच मांडणी मोठ्या प्रमाणावर आणली. यात गिअरबॉक्स एका बाजूला असल्याने दोन्ही शाफ्टांची लांबी वेगळी होते, एक आखूड, एक लांब. ते त्याने पत्करलं. मुंबईकरांना हा माणूस नावाने माहीत नसेल, पण त्याची एक गाडी त्यांनी जन्मभर वापरली आहे. फियाट ११००, म्हणजे आपली पद्मिनी, काळ्या-पिवळ्या टॅक्सीची पद्मिनी, हीसुद्धा ज्याकोझाचीच. ज्या वर्षी इटलीत प्रिम्युला आली, त्याच वर्षी कुर्ल्यात ११०० डी बनायला लागली. एकाच माणसाचं जुनं उत्तर आपल्याकडे आलं आणि नवं तिकडे राहिलं. ते जुनं उत्तर मुंबईच्या रस्त्यांवर २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत टिकलं.

ज्याकोझाच्या मांडणीचा एक परिणाम असा, की इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअल हे सगळं एकच गाठोडं झालं. गाडीशी त्याचं नातं काही माउंटिंग, काही नळ्या-वायरी आणि दोन शाफ्ट एवढ्यापुरतं. फियाटनेच १९७२ मध्ये एक्स १/९ मध्ये १२८ चं हे गाठोडं उचलून सीटच्या मागे ठेवलं आणि स्पोर्ट्स कार तयार केली. आज इंग्लंड-अमेरिकेत हौशी लोक जुन्या मिनीत होंडाचं व्हीटेक इंजिन घालतात, तेही याच कारणाने शक्य होतं. तयार सबफ्रेम मिळते आणि सोबत खास बनवलेले शाफ्ट: आतलं टोक होंडाचं, बाहेरचं मिनीचं. ते शाफ्ट कोणी वेल्डिंग करून देत नाही.

आपल्याकडे हे गाठोडं सर्वसामान्यांच्या दारात आलं १४ डिसेंबर १९८३ ला. मारुती ८०० चं आडवं इंजिन, ७९६ सीसी, तीन सिलिंडर, पुढच्या चाकांवर जोर. या गाडीने काय काय बदललं यावर भरपूर लिहिलं गेलंय. गॅरेजमध्ये काय बदललं यावर कमी. अण्णा सांगतात, की पहिली ८०० त्यांच्याकडे आली ती वळताना कट-कट आवाज करत होती. त्यांनी खाली वाकून प्रोपेलर शाफ्ट शोधला आणि तो नव्हताच. रबरी बूट फाटून ग्रीस उडालं होतं, आत माती गेली होती आणि गोळ्यांनी खाचा खाल्ल्या होत्या. क्रॉस असता तर ठोकून काढून वीस मिनिटांत नवा बसवला असता. हा सांधा उघडून दुरुस्त होत नव्हता. नवा आणायचा, एवढंच. तेव्हा त्यांना राग आला होता, असं ते म्हणतात.

तर आमचा शाफ्ट का तुटला? घरी येऊन मी कागद घेतला. समजा इंजिनाचा जोर १०० न्यूटन-मीटर. पहिल्या गिअरमध्ये तो साधारण ३.४ पट होतो, म्हणजे ३४०. जीपच्या नळीवर एवढाच येतो, कारण डिफरन्शिअलमधली शेवटची पट तिच्या पुढे, मागच्या एक्सलमध्ये लागते. आमच्या गाडीत ती पट गिअरबॉक्सच्या पोटातच लागून गेलेली असते. ती ४.१ धरली, तर ३४० चे जवळजवळ १४०० झाले, दोन चाकांत वाटले की प्रत्येकी ७००. म्हणजे जीपच्या नळीच्या दुप्पट पीळ. आणि तो सोसणारी वस्तू कोणती? जीपची नळी अडीच इंच व्यासाची, आमचा दांडा बोटाएवढा, इंचभरसुद्धा नाही. दांड्याची पीळ सोसण्याची ताकद व्यासाच्या घनाने वाढते. २२ मिलिमीटरचा दांडा २५ चा केला, तर ताकद जवळपास दीडपट होते. उलट दिशेलाही तसंच. माझ्या ढोबळ हिशेबाने आमच्या दांड्यातल्या पोलादावर जीपच्या नळीतल्या पोलादापेक्षा आठ-नऊ पट ताण येत होता.

एवढा ताण तो बारीक दांडा रोज सोसतो, कारण कारखान्यात त्याचा पृष्ठभाग तापवून, विझवून कडक केलेला असतो. अण्णांच्या वेल्डिंगने तो कडकपणा नेमका तिथे उतरवला. नळी भक्कम होती, टाका भक्कम होता. टाक्याला लागून असलेला, उष्णता खाल्लेला दांडा मऊ आणि ठिसूळ अशा विचित्र पट्ट्यांचा झाला होता. तो तिथेच गेला. अण्णांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे जोडायचंच नाही?" मी म्हटलं, "जोडायचं अण्णा, पण वेल्डिंगने नाही." ते हसले नाहीत.

दुसरा मार्ग तोच, जो मिनीवाले वापरतात. शाफ्ट म्हणजे तीन वस्तू: बाहेरचा सांधा, मधला दांडा, आतला सांधा. मधल्या दांड्याच्या दोन्ही टोकांना दाते असतात आणि सांधे त्यांवर बसून कड्यांनी अडकलेले असतात. म्हणून बाहेरचा सांधा ८०० चा घ्यायचा, आतला एस्टीमचा, आणि दोघांनाही बसेल असा एखादा मधला दांडा शोधायचा. नाहीच मिळाला तर योग्य पोलादाचा नवा घडवून, दाते पाडून, मगच कडक करून घ्यायचा. हे कधीकधी चक्क जमून जातं आणि त्याचं कारणही इतिहासात आहे. झेप्पा सांध्याची विद्या जगात मोजक्या घरांतून पसरली. हार्डी स्पायसरच्या बर्फील्ड समूहाला जीकेएनने १९६६ मध्ये विकत घेतलं. एनटीएनने सांधे बनवायला सुरुवात केली ती हार्डी स्पायसरशी करार करून. गाडीवरची नावं पन्नास, सांधे करणारी घरं थोडी. त्यामुळे दोन अनोळखी गाड्यांचे दाते अचानक एकमेकांत बसतात, आणि एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांचे बसत नाहीत.

दाते बसले म्हणजे काम झालं असं मात्र नाही. दाते मोजणं हा सगळ्यात सोपा भाग. दात्यांची संख्या सारखी असूनही व्यास वेगळा निघू शकतो, व्यास सारखा असूनही दात्याचा आकार वेगळा. मग लांबी. गाडी जमिनीवर उभी असताना लांबी जुळली तर लोक खूश होतात. खरी मापं दोन टोकांची असतात. चाक पूर्ण खाली लोंबकळत असताना आतला सांधा आपल्या वाटीतून बाहेर पडायला नको आणि चाक पूर्ण वर गेल्यावर दांडा वाटीच्या तळाला टेकायला नको. टेकला, तर गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर घण बसतात. त्यानंतर कोन. बाहेरचा सांधा ४५ अंशांपर्यंत वाकतो, आतला साधारण त्याच्या निम्माच. शाफ्ट जितका आखूड, तितका तोच उसळा त्याला जास्त कोनात नेतो: चाक ७५ मिलिमीटर वर गेलं, तर ५०० मिलिमीटरचा शाफ्ट साडेआठ अंश वाकतो, ३०० चा साडेचौदा. ज्याकोझाने पत्करलेली ती आखूड-लांब जोडी इथे येऊन त्रास देते. आणि जोरात अ‍ॅक्सिलरेटर दाबला की गाडी एका बाजूला ओढते, तेही बरंचसं तिच्यामुळेच. काही कंपन्या म्हणून लांब बाजूला मध्येच एक बेअरिंग आणि जादा दांडा देतात, म्हणजे दोन्हीकडचे हलणारे शाफ्ट सारखे होतात. त्यामुळे इंजिन कुठे ठेवायचं हे बॉनेटखाली कुठे जागा आहे यावरून ठरवणं चूक. आधी डिफरन्शिअल दोन्ही चाकांच्या मध्यांच्या ओळीत आणायचं, मग इंजिनाचं बघायचं. आम्ही उलट केलं होतं. तीन शनिवार-रविवार घालवलेली माउंटिंग आता काढली आहेत.

अण्णांनी यावेळी एक युक्ती केली, जी मला सुचली नसती. आतल्या सांध्याच्या जागी त्यांनी पीव्हीसीचा पाईप आणि त्यात सरकणारा लाकडी दांडा घातला, दांड्यावर खडूने रेघा मारल्या. सस्पेन्शनची स्प्रिंग काढून चाक जॅकने हळूहळू वर नेलं. प्रत्येक बोटागणिक दांडा किती आत गेला, ते त्यांनी पाईपवर लिहून ठेवलं. मी लॅपटॉपवर याच हालचालीचं मॉडेल केलं होतं. आमच्या आकड्यांत चार मिलिमीटरचा फरक निघाला. दोघांपैकी चूक कोणाची, यावर चहा झाला. नंतर टेप लावून पाहिलं, तेव्हा मी खालच्या आर्मची लांबी बुशच्या मध्यापासून न धरता कडेपासून धरली होती असं दिसलं.

डाव्या बाजूचा दांडा आता लेथवाल्याकडे आहे. अण्णांनी त्याच्याकडून दोनदा कबूल करून घेतलंय, की दाते आधी, कडक करणं नंतर. उजव्या बाजूचं माप येत्या रविवारी घ्यायचं आहे, पाऊस नसला तर.